माशांचा मेंढका

म्हस्कू मारकडांना पोहता येत नव्हतं. मासा ते खात नव्हते, नुसता वास आला तरी उपरणं नाकाला लावायचे. अशा माणसाला आमच्या कंपनीनं १९९४ साली मासे सांभाळायला ठेवलं. ठेवणारा मीच, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालायची सोय नाही.

कंपनीचं नाव निर्मळा केमिकल्स. बारामतीच्या कडेला, जळोचीच्या शिवारात, उसाच्या दोन फडांच्या मधे पत्र्याच्या तीन शेड. मालक बापूसाहेब. त्यांनी आधी पोल्ट्री काढली, मग वीटभट्टी, आणि मग पुण्याच्या कुणा माणसाकडून कृती मिळवून रसायन बनवायला लागले. रसायनाचं नाव त्यांनी स्वतःच ठेवलं होतं : शेवाळांतक. साखर कारखान्यांत यंत्रं थंड करायला पाणी फिरवतात, त्या पाण्यात शेवाळ माजतं. शेवाळांतक घातलं की ते मरतं. मरतं म्हणजे अगदी मरतं. एकदा शेडमध्ये अर्धा लिटर सांडलं, तर फरशीवरची झुरळं गेली, दाराबाहेरचं गाजरगवत गेलं आणि वॉचमनच्या चपला पांढऱ्या पडल्या.

पण असलं रसायन विकायचं तर ते माशांना किती घातक आहे याची चाचणी लागते, कारण कारखान्याचं पाणी शेवटी ओढ्यालाच मिळतं. त्या चाचणीसाठी मी होतो. झुऑलॉजी घेऊन बी.एस्सी., सेकंड क्लास, टेम्पररी. बापूसाहेब मला 'शास्त्रज्ञ' म्हणायचे. पर्मनंट करायचा विषय काढला की जरा जास्तच प्रेमानं म्हणायचे.

चाचणी सोपी असते. काचेच्या सहा टाक्या. पाच टाक्यांत रसायन, पहिलीत थोडं, पाचवीत भरपूर. सहावीत नुसतं पाणी. प्रत्येकीत रोहूची बोटभर पिल्लं, दहा-दहा. सोमवारी सकाळी सोडायची, शुक्रवारी सकाळपर्यंत ठेवायची आणि रोज किती मेली ते लिहायचं. कुठल्या टाकीत निम्मी मरतात ते कळलं की रसायनाचा विषारीपणा कळला. म्हणजे या धंद्यात मासा मेला तरच माहिती मिळते, जगला तर नुसतं पाणी घाण होतं. हे मला इतकं उघड वाटत होतं, की ते कुणाला सांगायला लागतं असं मनातसुद्धा आलं नाही.

म्हस्कूतात्या तेव्हा पंचावन्नचे असतील. राहणारे पळसदेवच्या अलीकडच्या वस्तीवरचे. सात पिढ्या मेंढरामागं फिरलेलं घर. चराऊ रानं उसाखाली गेली, मुलांनी कळप विकला आणि ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टरला राखण लागत नाही, म्हणून तात्या रिकामे. ते माझ्यापुढं उभे राहिले ते खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी घेऊन.

"मासे सांभाळाल का?" मी विचारलं.

"चाळीस वर्सं मेंढरं राखली," ते म्हणाले. "ह्ये बी जित्राबच की. मोजता येतं मला."

मोजता येतं म्हटल्यावर मी खूश झालो. आधीचा पोऱ्या टाकीत नऊ मासे असताना अकरा सांगायचा. मी तात्यांना तीन वाक्यांत काम समजावलं. प्रत्येक टाकीत दहा मासे असतात. तुम्ही इथंच राहायचं आणि त्यांच्यावर नजर ठेवायची. मी नऊला येईन, तेव्हा मला किती आहेत ते सांगायचं. तात्यांनी मान हलवली आणि काठी टेकून टाक्यांच्या समोर बसले. मी स्वतःवर खूश होऊन चहा प्यायला गेलो.

पहिल्या दिवशी त्यांनी सहाही टाक्यांच्या काचेला भंडाऱ्याचं बोट लावलं. मी ओरडलो, पाण्यात हळद गेली तर चाचणी बिघडेल म्हणालो. त्यांनी काचेच्या बाहेरूनच लावलीय हे शांतपणे दाखवलं. कुठल्याही टाकीजवळ मांजर आलं की ते मेंढरांना घालायचे तशी शीळ घालायचे. मांजर पळायचं आणि मासे एका कोपऱ्यात गोळा व्हायचे. "बघा, वळायला लागल्यात," असं ते मला कौतुकानं सांगायचे. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारायचो.

मंगळवारी सकाळी मी वही उघडली.

"पहिली टाकी, किती आहेत?"

"धा."

"दुसरी?"

"धा."

पाचवी टाकीही दहा. मी वाकून बघितलं. दहाच्या दहा, चांगले टवटवीत, शेपट्या हलवत फिरत होते. बुधवारी दहा, गुरुवारी दहा, शुक्रवारी दहा. मी वहीत मृत्यू शून्य लिहिलं. मग पंधरा दिवसांनी दुसरी चाचणी लावली, मात्रा दीडपट केली. पुन्हा दहाच्या दहा. तिसऱ्या खेपेला दुप्पट केली. तात्या त्या आठवड्यात फार थकलेले दिसत होते, डोळे लाल. मी विचारलं, झोप होत नाही का? ते म्हणाले, "ह्या खेपंला राखण जड हाय, सायेब." मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. आणि टाक्यांत मासे दहाच होते.

आता इथं कुणाही शहाण्या माणसाला शंका यायला हवी. झुरळं मारणारं, चपला पांढऱ्या करणारं रसायन माशांना काहीच करत नाही? मलाही आली, नाही असं नाही. दुसऱ्या चाचणीनंतरच मी बापूसाहेबांकडे गेलो आणि म्हणालो, निकाल जरा विचित्र आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"शास्त्रज्ञ, मासे मेले पाहिजेत अशी तुमची इच्छा आहे का?"

"तसं नाही."

"मग विचित्र काय?"

याला उत्तर होतं, पण ते टेम्पररी माणसाला परवडणारं नव्हतं. आणि काहीतरी शास्त्रीय करावं म्हणून तिसऱ्या चाचणीच्या आधी मी माशांचं वजन केलं आणि नंतर पुन्हा केलं. चार दिवस माशांना अन्नाचा कण दिला नव्हता, चाचणीत द्यायचा नसतो. तरी पाचव्या टाकीतले मासे सव्वापट झाले होते. चौथीतले त्याहून थोडे कमी. साध्या पाण्यातले मात्र होते तसेच, उलट जरा वाळलेले. जितकं रसायन जास्त, तितका मासा मोठा. मी तीनदा वजन केलं. तराजू बदलून केलं. शेवटी वहीत लिहिलं, 'वाढ समाधानकारक.' हे दोन शब्द लिहिणाऱ्या माणसाला डिग्री कुणी दिली, असं मी आजही स्वतःला विचारतो.

बापूसाहेबांनी वही वाचली आणि उठून मला मिठी मारली. आठ दिवसांत पत्रकं छापून आली. वर शेवाळांतकाच्या कॅनचं चित्र, शेजारी हसणारा रोहू, खाली मजकूर : 'शेवाळाचा काळ, माशांचा सांभाळ! शेवाळ मारते, मासे वाढवते. शास्त्रीय चाचणीने सिद्ध.' आणि त्याखाली माझी सही. माझं नाव पहिल्यांदाच छापून आलं होतं. मी ते पत्रक आईला वाचून दाखवलं.

आम्हाला मासे पुरवायचा तो इमाम. पळसदेवला उजनी धरणाच्या फुगवट्याच्या कडेला त्याचं शेत होतं आणि शेतात खोदलेलं तळं. तळ्यात तो रोहू-कटल्याची पिल्लं वाढवून विकायचा. तळं त्यानं आणि त्याच्या बायकोनं, रशीदानं, दोन उन्हाळे खपून स्वतः खोदलं होतं. त्यात तेव्हा पंधरा हजार पिल्लं होती आणि त्यावर घराचं सगळं चाललं होतं. त्या वर्षी उन्हाळ्यात तळ्यावर शेवाळाची गोधडी पसरली. इमाम हातानं ओढून ओढून दमला. अशात तो मासे द्यायला आला आणि त्याच्या हातात ते पत्रक पडलं.

"साहेब, शेवाळ बी मारतं आन् मासं बी वाढवतं?" त्यानं मला विचारलं.

"चाचणीत तसं दिसलं," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. दिसलं होतं.

इमाम सरळ बापूसाहेबांकडे गेला आणि म्हणाला, आमच्या तळ्यात टाका. बापूसाहेबांना हेच हवं होतं. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर प्रात्यक्षिक ठरवलं. तळ्याकाठी मांडव, माईक, फोटोग्राफर, इंदापूरचा एक वार्ताहर. प्रमुख पाहुणे हिंदुराव, वालचंदनगरच्या कॉलनीत राहणारे रिटायर्ड इंजिनिअर, ज्यांना बोलवलं की ते यायचेच. शिवाय तीन महिने एकही मासा मरू न देणाऱ्या म्हस्कू मारकडांचा सत्कार, फेटा आणि श्रीफळ. तात्यांना एवढंच सांगितलं की रविवारी इमामकडे तुमचा सत्कार आहे. तळ्यात काय ओतायचं आहे ते त्यांना सांगायचं कुणाला सुचलं नाही. माणूस मासे राखणारा, त्याला काय सांगायचं?

रविवार मे महिन्यातला. फुगवट्याचं पाणी उतरलेलं, लांबवर, एरवी पाण्यात बुडालेलं जुनं देऊळ पायऱ्यांपर्यंत उघडं पडलेलं. तळ्याकाठी शंभरेक माणूस जमलं होतं. रशीदानं चुलीवर रोहूचं कालवण आणि पाहुण्यांपैकी माळकऱ्यांसाठी पिठलं केलं होतं. बापूसाहेबांनी स्वतःच्या हातानं तात्यांच्या डोक्यावर फेटा ठेवला. टाळ्या झाल्या. मग तात्यांनी घोंगड्याखालून वनस्पती तुपाचा एक डबा काढला आणि दोन्ही हातांनी बापूसाहेबांपुढं धरला.

बापूसाहेबांनी झाकण उघडून वास घेतला. "म्हस्कूनं आपल्यासाठी सुकट आणलीय!" त्यांनी माईकवरून जाहीर केलं. पुन्हा टाळ्या. फोटोग्राफरनं फोटो काढला. बापूसाहेबांनी डबा माझ्याकडे दिला.

सुकट नव्हती ती. डब्यात वाळलेल्या माशांच्या शेपट्या होत्या, नखाएवढ्या, एकेक काळ्या दोऱ्यात ओवलेली. दोरे पंधरा होते, तीन-तीनची पाच जुडगी बांधलेली. पहिल्या जुडग्यात शेपट्या मोजक्या, पुढच्यात जास्त, शेवटचं जुडगं मनगटाएवढं जाड. तीन चाचण्या, पाच टाक्या.

"तात्या, हे काय आहे?"

"शेपट्या."

"कशाच्या?"

"दगावलेल्या माशांच्या." त्यांना माझं आश्चर्यच समजेना. "राखोळीचा रिवाज हाय, सायेब. दुसऱ्याचं मेंढरू आपल्याकडं राखायला आसलं आन् दगावलं, तर मालकाला त्याचा कान आणून दावायचा. न्हायतर मालक म्हनतो, इकून खाल्लं. माशाला कान न्हाईत. मग म्हनलं शेपटी."

"किती दगावले?"

"तिन्ही खेपा मिळून एकशे बारा. पर एक बी तुमच्या अंगावर ठिवला न्हाय. समदे भरून दिले."

भरून दिले! मग एकेक गोष्ट बाहेर आली. राखणदाराच्या हातून जित्राब गेलं तर आपल्यातलं घालून आकडा पुरा करायचा, हा त्यांच्या घराचा कायदा. तात्यांकडे मासे कुठले? दर रविवारी ते इमामकडे जायचे, रशीदाच्या शेळ्यांची खुरं कापून द्यायचे, औषधपाणी करायचे आणि बदल्यात कॅनभर पिल्लं घ्यायचे. इमामला वाटायचं म्हातारपणी माशांचा नाद लागला असेल. भिगवणला एस.टी. बदलताना कंडक्टर जिवंत जनावराचं तिकीट मागायचा, तेही ते काढायचे. कॅनमधले मासे ते शेडमागच्या रांजणात ठेवायचे, ज्या रांजणातून एकदा मी तांब्याभर पाणी मागितलं तेव्हा ते नको म्हणाले होते. आणि भरून देताना मेलेल्यापेक्षा जरा उजवं जित्राब द्यायचं, हाही रिवाजच. मालकाला तेवढंच समाधान. जितके मेले तितके नवे, आणि नवा प्रत्येक निवडून गुबगुबीत. वाढ समाधानकारक!

"मग मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चिरकला.

"तुमी कवा इचारलं किती मेले? तुमी इचारायचा किती हायत."

"अहो तात्या, पण ते मरायलाच हवे होते!"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, एखाद्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना हे बघतात तसं.

"मरायलाच हवं व्हतं, तर राखण्या कशाला ठिवला?" ते म्हणाले. "मी म्हनलं, सायेब पाण्यात लांडगा सोडत्यात आन् आपली राखण बघत्यात."

बापूसाहेब शेजारीच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते वेडे नव्हते. मी अजून तोंड उघडं ठेवून उभा होतो, तेवढ्यात त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, तो टेबलाखाली सरकवला आणि माईकवर म्हणाले, "आता आपले इमामभाई तळ्यात शेवाळांतक अर्पण करतील."

इमाम तळ्याच्या बांधावर कॅन घेऊन उभाच होता. झाकण काढलेलं. तात्यांनी कॅन ओळखला. तो रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असायचा.

"इमामभाई काय करतोय त्यो?"

"तळ्यात ओततोय," मी म्हणालो.

पोहता न येणारा तो माणूस फेट्यासकट बांधावरून तळ्यात उतरला. छातीएवढ्या पाण्यात, अंगावर शेवाळ, दोन्ही हात पसरून कॅनसमोर उभा राहिला. "ओतू नको! लांडगा हाय त्यो!" फोटोग्राफरनं फोटो काढला. लोकांना तो सत्काराचाच भाग वाटला, काहींनी टाळ्या वाजवल्या. "फेटा चढला तात्यांना," बापूसाहेब माईकवर हसत म्हणाले. "ओता इमामभाई, ओता."

इमाम ओतेना. त्यानं तळ्यातल्या म्हाताऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला.

"साहेब, तुमी सांगा," तो म्हणाला. "कागदावर सही तुमचीच हाय. ओतू का?"

नको, एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं. माझ्या पायाशी टेबलाखाली एकशे बारा शेपट्यांचा डबा होता, समोर पंधरा हजार पिल्लं होती, आणि मी बापूसाहेबांकडे बघितलं. त्यांनी डोळे बारीक केले. इमाम वाट बघत राहिला, मी चष्मा पुसत राहिलो. आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

तळं वाचवलं ते रशीदानं. ती चुलीपासून उठून आली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आधी बादलीत बघा की. तळं काय कुठं पळून चाललंय?"

हे इतकं सोपं होतं की कुणाला नाही म्हणता येईना. बादली आली. त्यात तळ्याचं पाणी आणि दहा पिल्लं. बापूसाहेबांनी चेहरा न पाडता पत्रकात छापलेल्या मात्रेनं रसायन घातलं. बादली सगळ्यांना दिसावी म्हणून स्टेजवरच्या टेबलावर ठेवली, माईकच्या शेजारी. आणि मधला वेळ जावा म्हणून हिंदुरावांना बोलायला उभं केलं.

हिंदुराव रसायन आणि मत्स्योद्योग यांच्या भवितव्यावर बोलले. पाच मिनिटांनी पहिलं पिल्लू वाकडं पोहायला लागलं. भारताच्या पाण्यात केवढी संपत्ती आहे हे ते सांगत होते तेव्हा ते पोट वर करून तरंगलं. मग दुसरं. मग एकदम दोन. हिंदुरावांना बादली दिसत नव्हती आणि त्यांना थांबवायचं धाडस कुणाला नव्हतं. पुढच्या रांगेतली माणसं बोटांवर मोजायला लागली. कुणीतरी "पाच!" म्हणालं. हिंदुरावांना वाटलं पाच मिनिटं उरली, त्यांनी वेग वाढवला.

तात्या तोवर काठाला येऊन ओलेचिंब उभे होते. बापूसाहेब त्यांच्याजवळ गेले आणि कानात म्हणाले, "म्हस्कू, टाक की दुसरे! तळं शेजारीच हाय. दहा पुरे कर!"

कानात म्हणाले, पण माईक तीन हातांवर होता. तळ्याच्या पलीकडच्या बांधापर्यंत ऐकू गेलं. हिंदुराव बोलायचे थांबले.

तात्यांचा हात जरा पुढं झाला होता, हे मी बघितलं. तीन महिन्यांची सवय होती. मग त्यांनी तो मागं घेतला.

"न्हाय मालक," ते म्हणाले. "तवा राखण माझी व्हती. माझ्या हातनं गेले म्हनून मी भरत व्हतो. आज लांडगा तुमी सोडलाय, आन् ह्ये मासं इमामभाईचं हायत. भरायचे तर तुमी भरा."

दहावं पिल्लू तेवढ्यात उलटलं. इमामनं कॅनचं झाकण घट्ट लावलं आणि कॅन जीपमध्ये नेऊन ठेवला. पंगत बसली, कारण स्वयंपाक झालेला होता. रोहूच्या कालवणाला कुणी हात लावला नाही. पिठलं मात्र कमी पडलं.

मी डबा घरी नेला. त्या रात्री जुडगी सोडून प्रत्येक दोऱ्यावरच्या शेपट्या मोजल्या आणि आलेख काढला. शेवटच्या दोन टाक्यांचे ठिपके वर गेले, पहिलीचा खाली, आणि मधोमध रेघ इतकी सरळ आली की तशी कॉलेजात कधी आली नव्हती. पहिल्या चाचणीतल्या तिसऱ्या टाकीच्या मात्रेला निम्मे मासे मरत होते. अक्षरओळख नसलेल्या माणसानं दोऱ्यावर ठेवलेली नोंद माझ्या वहीपेक्षा खरी होती. मला आनंदही झाला आणि रडूही आलं.

सोमवारी बापूसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मला वाटलं तात्यांना काढणार. उलट त्यांनी तात्यांना खुर्ची दिली.

"तात्या, झालं गेलं गंगेला मिळालं. तुला पर्मनंट करतो. जसं चालवलं होतंस तसंच चालव. मासे लागतील तेवढे कंपनी आणून देईल."

तात्यांनी खुर्चीवर न बसता विचार केला. "पगार बरा हाय, मालक," ते म्हणाले. "पर ज्या घरी लांडगा पाळत्यात, तितं राखण्या राहत न्हाय." राम राम घालून ते निघाले. दारात मला म्हणाले, "सायेब, तुमी बी इचार करा." मी करतो म्हणालो.

तात्या इमामकडे गेले ते कायमचेच. तळ्यावर पाणकावळे यायचे, पाणमांजर यायचं. ते काठावर काठी घेऊन बसायचे. मी एकदा भेटायला गेलो तर म्हणाले, "पंधरा हजार कोण मोजतंय? हितं नुसतं बघायचं." इमामनं सांगितलं, शेवाळ खाणारे गवत्या मासे सोडले, महिन्यात तळं साफ. तात्या त्यानंतर बारा वर्षं जगले. मासा त्यांनी शेवटपर्यंत खाल्ला नाही. त्यांच्या तेराव्याला इमामच्या घरचे सगळे आले होते.

आणि त्या सोमवारचं राहिलं. तात्या गेल्यावर मी तो आलेख बापूसाहेबांपुढं ठेवला. त्यांनी तो वाचला, नीट घडी केली आणि खणात टाकला. "पत्रकातलं 'मासे वाढवते' काढून टाकू," ते म्हणाले. "बाकी राहू द्या. आणि शास्त्रज्ञ, ती पर्मनंटची जागा आता मोकळीच आहे."

माझं लग्न ठरत होतं. टेम्पररी म्हटल्यावर मुलीकडचे तोंड वाकडं करत होते. अशी कारणं मी तेव्हा स्वतःला पुष्कळ दिली, आणि सगळी खरी होती. मी नव्या पत्रकावर सही केली. तात्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही, मोजणी मीच करायला लागलो. पुढची दोन वर्षं माझ्या वहीत एकही मासा मेला नाही, आणि त्यासाठी मी एकदाही कॅन घेऊन पळसदेवला गेलो नाही.